हिनोहारांची न्याहारी सोडा

श्रोतेहो, नमस्कार.

साठी ओलांडलेल्या बऱ्याच मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. एकशे पाच वर्षं जगलेल्या एका जपानी डॉक्टरांचा. सकाळी कॉफी, संत्र्याचा रस आणि त्यात चमचाभर ऑलिव्ह तेल. दुपारी दूध-बिस्किटं, आणि काम असेल तर तेही नाही. "डॉक्टर, आपणही सुरू करूया का?" असं मला विचारतात.

नको. मधुमेह असेल तर रिकाम्या पोटी फळांचा रस घेऊ नका, आणि इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेऊन दुपारचं जेवण तर अजिबात चुकवू नका. आपली भाकरी, उसळ, वरण, पालेभाजी चांगली आहे. फक्त लोणचं-पापडाकडे जाणारा हात आवरा. दिवसभरात मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं.

पण तो माणूस मोठा होता, म्हणून आज त्यांच्याविषयी बोलतो. शिगेआकी हिनोहारा. जन्म 1911चा. 1941पासून टोकियोच्या सेंट ल्यूक्स रुग्णालयात. 1945मध्ये शहरावर बॉम्ब पडले तेव्हा भाजलेल्या माणसांना ठेवायला तिथं जागा अपुरी पडली. हे ते विसरले नाहीत. पुढे नवीन इमारत बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी रुग्णालयाच्या बोळांत आणि प्रार्थनागृहाच्या भिंतींतसुद्धा ऑक्सिजनच्या नळ्या बसवून घेतल्या. एवढा खर्च कशाला, असं लोक म्हणालेच. मग 20 मार्च 1995 उजाडला. टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडला गेला. हिनोहारांनी त्या दिवशीची नेहमीची तपासणी बंद केली आणि येईल त्या रुग्णाला आत घ्या म्हणून सांगितलं. सहाशे चाळीस रुग्ण आले. बोळ आणि प्रार्थनागृह, दोन्ही कामी आले. हिनोहारांचं वय तेव्हा त्र्याऐंशी होतं.

त्र्याऐंशीव्या वर्षी आपल्याकडे माणसाला काय सांगतात? "आजोबा, तुम्ही बसा." प्रेमानंच सांगतात हो. पिशवी हातातून काढून घेतात, बँकेत मुलगा जातो, भाजी घरपोच येते. मग मांडीचे स्नायू झिजतात, तोल जातो, न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. त्यानंतर पूर्वीसारखं चालणं पुष्कळांना जमत नाही. हिनोहारा स्वतःचं सामान स्वतः उचलत आणि जिने चढत. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीच्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारा व्यायाम करायला सांगते. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठून बसा. गुडघे कुरकुरत असतील तर पाच वेळा, आणि टेबल जवळ असू द्या. तोल जातो अशी शंका असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आता दुसरी गोष्ट. 31 मार्च 1970 रोजी ते फुकुओकाला निघाले होते, वैद्यकीय परिषदेसाठी. विमानाचं अपहरण झालं. सोलच्या विमानतळावर तीन दिवस ओलीस राहून ते सुटले. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते, म्हणजे आपल्याकडे निवृत्तीचं वय. यापुढचं आयुष्य आपल्याला मिळालेली देणगी आहे, ते इतरांसाठी वापरायचं, असं त्यांनी ठरवलं. पुढची सत्तेचाळीस वर्षं त्यांनी रुग्ण तपासले, पुस्तकं लिहिली, शाळांत जाऊन मुलांशी बोलले. एवढं सगळ्यांना जमणार नाही, जमायलाच हवं असंही नाही. पण आठवड्यातून दोन दिवस तुमची वाट पाहणारं घराबाहेरचं कुणीतरी असावं. वाचनालय, भजनी मंडळ, शेजारच्या पोरांचं गणित, काहीही चालेल. माझ्या अनुभवात, अशा माणसांना गोळ्या घेण्याची आठवण करून द्यावी लागत नाही.

2017मध्ये त्यांना अन्न गिळता येईना. पोटात नळी घालून अन्न देण्याचा पर्याय समोर होता. त्यांनी स्पष्ट नकार दिला आणि ते घरी गेले. जुलैमध्ये घरीच वारले. स्वतःचा निर्णय स्वतः सांगण्याइतके ते शुद्धीवर होते. सगळेच तसे नसतात, आणि मग अतिदक्षता विभागाच्या दाराशी मुलं एकमेकांशी भांडतात. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये अशी इच्छा आधीच लिहून ठेवण्याला मान्यता दिली, आणि 2023मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की झालं. आपल्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नाव त्यात लिहायचं असतं. ते ज्याचं लिहाल, त्याला आधी विचारा आणि एक प्रत त्याच्याकडे देऊन ठेवा.

नमस्कार.