विमान कंपन्या एकत्र आल्यावर आई-वडिलांच्या स्टँडबाय तिकिटाचे काय होते?

नमस्कार मंडळी. आपल्या वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या खेड्यांतील मुलेमुली आता विमान कंपन्यांत केबिन क्रू, चेक-इन काउंटर, देखभाल अशा निरनिराळ्या कामांवर दिसू लागली आहेत, आणि त्यांच्या घरच्यांकडून मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो: "भाऊ, पोरीची कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली म्हणते, आता आमाले तिचं तिकीट भेटते का नाही?" याचे सरळ उत्तर असे की तिकीट बहुधा मिळते, पण रांगेतील तुमची जागा बदलते, आणि स्टँडबाय प्रवासात, म्हणजे जागा उरली तरच बसायला मिळणाऱ्या प्रवासात, तिकिटापेक्षा रांगेतील जागाच महत्त्वाची असते.

विमानाचे दार बंद झाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य होते. ती खुर्ची कर्मचाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना अगदी नाममात्र दरात दिली, तरी कंपनीचे फारसे नुकसान होत नाही. या सवलतीचा पाया एवढाच आहे. त्यामुळे पैसे भरून आलेले सगळे प्रवासी बसल्यानंतर जे उरेल तेच या यादीतील लोकांना मिळते. विमानतळावरची मंडळी याला सबलोड तिकीट म्हणतात. रेल्वेच्या वेटिंगशी त्याची तुलना करता येईल, पण एक मोठा फरक लक्षात ठेवावा लागतो: रेल्वेत ज्याने आधी तिकीट काढले त्याचा नंबर आधी लागतो, तर इथे तुम्ही कोणाचे कोण आहात यावरून नंबर ठरतो.

आता पडद्यावर एका स्टाफ तिकिटावरचा छोटासा संकेत मोठा करून दाखवला आहे, तो नीट पाहा: आयडी ९० एन २. आयडी म्हणजे विमान उद्योगातील कर्मचाऱ्यांसाठी असलेली सवलत. ९० म्हणजे मूळ भाड्यावर नव्वद टक्के सूट. एन या अक्षराचा अर्थ असा की जागा राखीव नाही. तिथे आर असते तर जागा पक्की असती. शेवटचा २ हा प्राधान्याचा आकडा आहे, म्हणजे १ असलेली माणसे तुमच्या आधी विमानात जातील. घरातील वडीलधारी मंडळी हातात छापील तिकीट आले की जागा मिळालीच असे समजतात, म्हणून या एन अक्षरावर बोट ठेवून ते त्यांना समजावून सांगणे गरजेचे आहे. जागा पक्की असलेल्या प्रवाशाला विमानात घेतले नाही, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार भरपाईचा प्रश्न उभा राहतो. एन असलेल्या प्रवाशाला मात्र पुढच्या विमानाची वाट पाहावी लागते आणि तक्रारीला जागा नसते.

साधारणपणे क्रम असा असतो: कंपनीच्या कामासाठी ज्यांना पोहोचलेच पाहिजे ते कर्मचारी सर्वांत आधी, मग रजेवर निघालेले स्वतःच्या कंपनीचे कर्मचारी, त्यांचे पती किंवा पत्नी आणि मुले, त्यानंतर बहुतेक ठिकाणी आई-वडील व निवृत्त मंडळी, आणि सर्वांत शेवटी दुसऱ्या कंपन्यांचे कर्मचारी. या शेवटच्या गटासाठी झेड नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे, ज्यात अंतराच्या टप्प्यांनुसार दर ठरलेले असतात. मात्र ती आपोआप सगळीकडे लागू होत नाही, दोन कंपन्यांनी आपसांत करार केलेला असावा लागतो.

विलीनीकरणाचा धक्का नेमका याच क्रमाला बसतो. टाटा समूहाने २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया सरकारकडून ताब्यात घेतली, १ ऑक्टोबर २०२४ रोजी पूर्वीची एअर एशिया इंडिया ही एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये मिसळली, आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. असे घडते तेव्हा कालपर्यंत जी माणसे एकमेकांसाठी ‘दुसऱ्या कंपनीची’ होती आणि यादीच्या तळाशी असायची, ती एका रात्रीत ‘आपली’ होऊन वर सरकतात. मिळणाऱ्याला हा लाभ वाटतो. आधीपासून वर असलेल्याला मात्र आपल्या पुढे अचानक माणसे वाढल्यासारखे वाटते, आणि दोघांचेही खरे असते. त्याच वेळी ज्या कंपनीचे नाव आणि कोड बंद होतो, तिने परदेशी कंपन्यांशी केलेले झेडचे करार नव्या कंपनीकडे तसेच चालत येतात असे गृहीत धरू नये. मुलाने नव्या कंपनीची करारांची यादी स्वतः उघडून पाहावी.

कर्मचाऱ्यांमध्ये खरी कुरबुर होते ती एकाच गटातील दोघांपैकी आधी कोण, यावर. याचे दोन प्रकार आहेत. एकात सेवाज्येष्ठता पाहतात, दुसऱ्यात चेक-इन आधी कोणी केले ते पाहतात. अमेरिकेत अमेरिकन एअरलाइन्स आणि यूएस एअरवेज ९ डिसेंबर २०१३ रोजी एकत्र आल्या, तेव्हा यूएस एअरवेजमध्ये ज्येष्ठतेची रीत होती आणि अमेरिकनमध्ये चेक-इनच्या वेळेची. एकत्र कंपनीने वेळेचा नियम ठेवला आणि पंचवीस-तीस वर्षे नोकरी केलेली यूएस एअरवेजची माणसे कालपरवा लागलेल्यांच्या मागे उभी राहू लागली. ती चिडली यात नवल नाही. डेल्टा या तिथल्याच दुसऱ्या कंपनीने मात्र ज्येष्ठतेचीच रीत चालवली आहे.

माझे मत विचाराल तर वेळेचा नियम वरकरणी सर्वांना समान दिसतो, पण तो तितका समान नसतो. चेक-इन खुले होण्याच्या नेमक्या क्षणी केबिन क्रूमधील मुलगी स्वतः दुसऱ्या विमानात ड्यूटीवर असू शकते, आणि गावात तिच्या बाबांच्या मोबाइलला ओटीपी येण्याइतकी रेंज असेलच याची खात्री नाही. कार्यालयात बसून काम करणाऱ्याला हा नियम नेहमीच सोयीचा जातो. ज्येष्ठतेच्या नियमात नव्या मुलांना वर्षानुवर्षे मागे राहावे लागते हे खरे, पण निदान आपण कुठे उभे आहोत हे आधी कळते.

ज्येष्ठता मोजायची ठरली, तरी कोणत्या तारखेपासून मोजायची हा प्रश्न उरतोच. समजा, एक मुलगी २०१६ मध्ये विस्तारात लागली आणि दुसरी २०१९ मध्ये एअर इंडियात. विलीनीकरणाची तारीख हीच पहिलीच्या रुजू होण्याची तारीख धरली, तर तिची आठ वर्षे वाहून गेली. कंपनीचा मालक बदलला तरी सेवा अखंड धरावी आणि सेवाशर्ती आधीपेक्षा कमी लाभाच्या नसाव्यात, हे तत्त्व १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम २५ एफएफमध्ये होते; तसे झाले नाही, तर कामगाराला भरपाई मागता येत असे. पण प्रवासाची सवलत ही सेवाशर्त नसून कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असलेली सोय आहे, अशी ओळ बहुतेक कंपन्या आपल्या नियमावलीत लिहून ठेवतात, आणि ती वाचल्याशिवाय भांडायला जाण्यात अर्थ नाही. ज्येष्ठतेचा गुंता किती काळ चिघळू शकतो याचे उदाहरण आपल्याकडेच आहे: एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एकत्र आल्या, आणि दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांचे वेतन व पदोन्नती जुळवण्यासाठी २०११ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. एकाच मार्गावर दोन कंपन्यांची विमाने मागे-पुढे उडत असतील, तर एकत्र आल्यावर त्या फेऱ्यांची फेरजुळणी होते आणि उरलेली विमाने अधिक भरून जाऊ लागतात. म्हणजे सवलतीस पात्र माणसे वाढतात आणि रिकाम्या खुर्च्या कमी होतात. कागदावर सवलत वाढलेली दिसते, प्रत्यक्षात माणूस विमानतळावरून हात हलवत परत येतो.

विदर्भापुरते पाहायचे तर विलीनीकरणाइतकाच विभाजनाचाही गोंधळ आहे. सरकारने एअर इंडिया विकली तेव्हा अलायन्स एअर, देखभाल करणारी एआय इंजिनीअरिंग सर्व्हिसेस आणि विमानतळावरची सेवा देणारी एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या कंपन्या स्वतःकडेच ठेवल्या. नागपूरच्या मिहानमधील देखभाल केंद्रात काम करणारा मुलगा गावात ‘एअर इंडियात आहे’ म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या पगारपत्रकावर वेगळ्या कंपनीचे नाव असते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची सेवा सुरू झाली ती अलायन्स एअरची. म्हणून एअर इंडियातील मुलीच्या आई-बाबांनी ते विमान आपल्याच कंपनीचे समजू नये. सवलत कोणत्या विमानावर चालते हे पगारपत्रकावरील नावावरून ठरते, विमानतळावर घातलेल्या गणवेशावरून नाही. कंत्राटावर असलेल्यांनी तर आधी आपण पात्र आहोत का, हेच विचारावे.

बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची आहे आणि तिथे येणारे एटीआर विमान साधारण सत्तर आसनांचे आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा विरळ झालेल्या तप्त हवेत विमानाला उचल कमी मिळते आणि उड्डाणाचे वजन मर्यादित ठेवावे लागू शकते. अशा दिवशी खुर्ची डोळ्यांसमोर रिकामी असूनही सबलोड प्रवाशाला घेत नाहीत, आणि काउंटरवरच्या मुलाने मुद्दाम अडवले असे समजून त्याच्याशी हुज्जत घालणे व्यर्थ आहे. त्यातून तोटा आपल्याच मुलीचा होतो, कारण सवलतीवर जाणाऱ्याच्या वागण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर असते आणि तिची सवलत थांबवली जाऊ शकते. स्टाफ तिकीट ‘स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ते विकत घेणे तर त्याच्या नोकरीवरच बेतू शकते.

मुलगी घरी फोन करील तेव्हा तिला एवढे विचारा: माझे नाव नव्या कंपनीच्या नोंदीत आले आहे का, तुझी रुजू होण्याची तारीख जुनीच धरली आहे का, आणि दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत ही सवलत कोणत्या दिवसांत बंद असते? दोन कंपन्यांच्या संगणकप्रणाली जुळायला बराच वेळ लागतो. अमेरिकन आणि यूएस एअरवेजची आरक्षणप्रणाली ऑक्टोबर २०१५ मध्ये एक झाली, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. त्या काळात आधारवरचे नाव आणि जुन्या नोंदीतील नाव यांत एका अक्षराचाही फरक असेल, तर तो आधी दुरुस्त करून घ्यावा.

मुंबईहून परतताना लग्न, दवाखाना किंवा परीक्षा यांसारखे तारखेला बांधलेले काम असेल, तर सबलोडच्या भरवशावर राहू नका. विदर्भ एक्सप्रेसचे बडनेरा किंवा वर्ध्यापर्यंतचे आरक्षण आधीच काढून ठेवा, आणि विमानात बसायला मिळाले तरच ते रद्द करा. रद्द करताना कापले जाणारे पैसे ऐनवेळी विकत घेतलेल्या विमानाच्या तिकिटापेक्षा कितीतरी कमी असतात.