फुलपुडीचा हिशेब
(फूलविक्रेत्यांच्या मेळाव्यातील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मगाशी चहाच्या वेळी एका तरुण दुकानदाराने मला विचारलं, "ताई, या ऑनलाइन ऑर्डरवाल्यांचं काम उद्यापासून बंद करू का?" मी विचारलं, "दुकानाचं भाडं किती?" त्याने आकडा सांगितला. "त्यातलं किती भाडं त्यांच्या ऑर्डरींवर निघतं?" तो गप्प झाला. त्याला दोष देत नाही. पाच वर्षांपूर्वी मलाही हे सांगता आलं नसतं.

माझ्या दुकानाचा हिशेब सांगते. गिऱ्हाईक मध्यस्थ कंपनीच्या ॲपवर बुकेचे १००० रुपये भरतं, कंपनी आपला वाटा कापून ऑर्डर माझ्याकडे पाठवते, माझ्या हातात ६०० येतात. त्यात डच गुलाब, जिप्सी म्हणजे बुकेत भरायची बारीक पांढरी फुलं, कागद, रिबन, बांधणाऱ्याची मजुरी आणि पोचवणाऱ्या मुलाचं पेट्रोल. एरवी शंभरेक रुपये सुटतात. फेब्रुवारीत तेही सुटत नाहीत. मावळातल्या पॉलिहाउसचा चांगला माल व्हॅलेंटाइनच्या आधी परदेशी जातो, मार्केट यार्डात गुलाबाची गड्डी कडाडते, आणि आपला दर दिवाळीतच ठरलेला असतो. बुकेला स्वतःच्या दुकानाचं कार्ड लावायचं नाही, अशी अटही असते. मला सगळ्यात जास्त हीच अट लागते. पैसे एखाद्या महिन्यात कमी मिळाले तर माणूस सोसतो, पण आपण रात्रभर बसून बांधलेलं फूल कुणी बांधलं हे घेणाऱ्याला कधी कळूच नये?

तरीही एक गोष्ट लपवणार नाही. २०२० साली देवळं बंद, लग्नं बंद. हारांचं गिऱ्हाईक संपलंच होतं. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा पहिली ऑर्डर आली ती एका मध्यस्थ कंपनीकडूनच. त्या महिन्यात माझ्या दोन कामगारांचा पगार त्या ऑर्डरींवर झाला. म्हणून 'सगळ्यांनी बहिष्कार टाका' असं व्यासपीठावरून ओरडायला माझी जीभ रेटत नाही.

हे दुखणं फक्त आपलं नाही. १९१० साली अमेरिकेत १५ फूलवाल्यांनी ठरवलं, की परगावच्या ऑर्डरी तारेने एकमेकांना द्यायच्या. पुढे एफटीडी (फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी) या नावाने मोठी झाली ती ही संस्था. मालक म्हणजे सभासद दुकानदारच. तिथल्या धंद्यात वाटणी रूढ झाली ती अशी: १०० डॉलरच्या ऑर्डरीतले २० ऑर्डर घेणाऱ्याला, ७ संस्थेला आणि ७३ फुलं बांधून पोचवणाऱ्याला. आज माझ्याकडून तुला ऑर्डर, उद्या तुझ्याकडून मला, या भरवशावर दुकानदार ते २० सोडत होते. पण संस्थेने सभासदांना दुसऱ्या जाळ्यात जायला मज्जाव केला, आणि १९५६ साली सरकारला कोर्टातून तो नियम काढायला लावावा लागला. १९९४ मध्ये ती गुंतवणूकदारांच्या हाती गेली, २०१९ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. दरम्यान आणखी एक जमात तयार झाली: दुकान नाही, फूल नाही, फक्त फोन. गावाचं नाव लावून टेलिफोन डिरेक्टरीत जाहिरात द्यायची, गिऱ्हाइकाकडून २० टक्के आणि वर सेवाशुल्क घ्यायचं, आणि उरलेल्या पैशांत बुके बांधायला गावातल्या खऱ्या दुकानाला सांगायचं. यांच्याकडे स्वतःचं दुकानच नव्हतं, म्हणजे त्यांना उलट ऑर्डर द्यायची सोयच नव्हती. २० टक्क्यांमागचा मूळ भरवसा तिथेच संपला.

आता आपल्या गल्लीत या. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे कंपनीची एक ऑर्डर आली. पत्ता वाचला तर दुकानासमोरचीच सोसायटी, दुसरा मजला. काकूंचा वाढदिवस, मुलगा न्यू जर्सीत. लहानपणी हाच मुलगा चतुर्थीला दूर्वा आणि जास्वंद न्यायला माझ्या सासऱ्यांकडे यायचा. त्याचे पैसे जगभर फिरून, चाळीस टक्के झडून, रस्त्यापलीकडच्या दुकानात आले होते. कंपनीला काकूंचा पत्ता माहीत होता. काकूंना शेवंतीच्या वासाने डोकं चढतं, हे मला माहीत होतं.

त्या रात्री मी फुलपुडीची वही काढली. कुणाच्या दाराला रोज पुडी, कुणाला सोमवारी बेल, कुणाकडे गुरुवारी पिवळी फुलं. १४० घरं. या गिऱ्हाइकांत आणि आपल्यात कुणी नाही, महिन्याच्या महिन्याला रोख पैसे. फुलपुडीला आपण चिल्लर धंदा समजतो, आणि ही आपली मोठी चूक आहे. त्या वहीवर माझं भाडं निघतं. भाडं निघतं म्हणून गेल्या फेब्रुवारीत तोट्यातल्या ऑर्डरी मी नाकारू शकले. कंपनीने यादीत मला खाली ढकललं, मार्च कोरडा गेला, पण दुकान उघडं राहिलं.

तुम्हीही आधी ती वही मोजा. पुडीबरोबर आपला नंबर छापलेला कागद द्या, परदेशातल्या मुलांपर्यंत पोचवायला सांगा. आणि फेब्रुवारीचा किमान दर एका भागातल्या सगळ्या दुकानांनी मिळून सांगा. एकट्याने सांगितला तर ऑर्डर शेजारी जाते, हे मी भोगलं आहे.

काकूंच्या पुढच्या वाढदिवसाला न्यू जर्सीहून थेट माझ्या फोनवर निरोप आला: "ताई, आईला निशिगंध पाठवाल? शेवंती नको."