चौकोनांचा निरोप

नमस्कार श्रोतेहो. आता हातात स्मार्टफोन नसलेला माणूस शोधावा लागतो. मी सांगणार आहे ते २०१० सालचं. तेव्हा लोकलच्या डब्यात एकाच्या हातात तो असायचा आणि बाकीचे सगळे त्याच्या हाताकडे बघायचे. आमच्या डोंबिवलीच्या सकाळच्या फास्टमध्ये तो एक मी होतो. संक्रांतीला घेतला, सतरा हजारांना. कंपनीचं नाव घेत नाही. रेडिओवर जाहिरातही नको आणि भांडणही नको.

पहिलं दुःख बॅटरीचं. सकाळी भरून निघालेला फोन दुपारच्या डब्यापर्यंत मान टाकायचा. ऑफिसात पंख्याच्या बाजूला एकच सॉकेट रिकामं असायचं आणि त्यावरून मी एका सज्जन सहकाऱ्याशी आठवडाभर अबोला धरला होता. पण त्याच बॅटरीत एक सुखही होतं, आणि हे मुद्दाम सांगतो. फोनचं पाठचं झाकण नखानं उघडायचं! जुनी बॅटरी काढली, खिशातली दुसरी टाकली, की फोन पुन्हा ताजातवाना. आता बहुतेक फोन डिंकानं चिकटवलेले. बॅटरी थकली की दुकानदाराच्या पाया पडा. याला प्रगती म्हणायला माझं मन अजून तयार नाही.

दुसरं दुःख इंटरनेटचं. खाजगी कंपन्यांचं थ्रीजी आपल्याकडे यायचं होतं, त्याच्या लिलावालाही वेळ होता. आमचं सगळं टूजीवर. ठाण्याला पान उघडायला घ्यावं, घाटकोपरला मथळा दिसावा, दादरला बातमी. २४ फेब्रुवारी २०१० ची संध्याकाळ आठवते ना? ग्वाल्हेर, दक्षिण आफ्रिका, आपला सचिन. परतीच्या गाडीत वीस माणसं माझ्या पडद्यावर वाकलेली. सचिन १९९, आणि पान अडकलं! ते गोल गोल फिरतंय, मी बोटानं घासतोय, बोटाला घाम, घामेजल्या बोटाला तो पडदा जुमानत नव्हता. तेवढ्यात दारात लटकलेला एक पोरगा ओरडला, "झाऽऽले दोनशे!" त्याच्या कानाला काय होतं? रेडिओ. वीस माणसं मला तशीच सोडून दाराकडे गेली. हे मी आकाशवाणीला खूश करायला सांगत नाही, घडलं तसं सांगतो.

गोंधळ फक्त आपल्याच नशिबी होता असंही नाही. २००८ साली अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन आला. त्यात सुरुवातीला अशी चूक राहिली होती की 'रीबूट' हा इंग्रजी शब्द टाइप करून एंटर दाबलं, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. तुम्ही मित्राला लिहीत असलात तरी! आज्ञाधारक म्हणावा तो इतका.

पण माझं खरं दुखणं वेगळं होतं. माझ्या फोनला मराठी येत नव्हतं.

सांगलीला माझी आत्या असते. तिच्याकडे तेव्हा बटणांचा फोन होता, हजार-बाराशेचा. त्याला टॉर्च होती आणि त्याला देवनागरी येत होती. आत्या एकेक बटण चार-चारदा दाबून अस्सल मराठीत निरोप पाठवायची. 'कसा आहेस' हे इंग्रजी अक्षरांत लिहिणं तिला मान्य नव्हतं. मलाही नाही. त्या लिपीत 'ळ' कुठाय, सांगा? असो.

एका गुरुवारी सकाळी तिचा निरोप आला. उघडला, तर नुसते चौकोन. रिकामे, एकसारखे, ओळीनं मांडलेले, चाळीच्या खिडक्यांसारखे. म्हणजे सतरा हजारांच्या फोनला जे वाचता येईना ते बाराशेच्या फोननं लिहिलं होतं!

असं का व्हायचं, थोडक्यात सांगतो. अक्षरं माझ्या फोनपर्यंत नीट पोचलेली असायची. पण ती पडद्यावर उमटवायचे साचे, म्हणजे फॉन्ट, फोनमध्ये नव्हते. पुन्हा सांगतो, अक्षरं होती, साचे नव्हते. त्यामुळे तोच निरोप साचे असलेल्या दुसऱ्या फोनवर पुढे पाठवला, की तिथे स्वच्छ वाचता यायचा.

आणि तसा फोन आमच्या गाडीतच होता. आमची भजनी गँग. टाळ वाजवणारे एक काका होते, त्यांच्याकडे अगदी आत्यासारखाच फोन. मी म्हटलं, "काका, एवढं वाचून सांगा हो, काही तातडीचं असेल." आणि चौकोन त्यांना पाठवले. तीन एसएमएसचे पैसे कापले गेले. कारण इंग्रजीत एका एसएमएसला १६० अक्षरं बसतात आणि मराठीत ७० च. त्यातही प्रत्येक काना, प्रत्येक मात्रा, जोडाक्षरातला प्रत्येक हलन्त वेगळा मोजतात.

पाठवला, आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. नेटवर्क गेलं. भजन टिपेला पोचलं होतं. बोगदा संपला, भजन संपलं, गाडी ठाण्यात शिरायला लागली, आणि टाळ थांबल्यावर डबा कसा एकदम शांत होतो, माहीत आहे ना? नेमका तेव्हा काकांचा फोन वाजला.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन हातभर लांब धरला, आणि ज्या आवाजात अभंग सुरू करायचे त्याच आवाजात वाचायला लागले.

"तुझ्या मूळव्याधीचं वैद्यांना विचारलं."

श्रोतेहो, मी हात पुढे केला होता. काका मान वर न करता पुढे गेले.

"सुरण खा म्हणाले. गड्डा घेऊन शनिवारी महालक्ष्मीनं येते. कल्याणला घ्यायला ये. तोवर तिखट बंद. लाजू नको."

'लाजू नको' त्यांनी दोनदा वाचलं, धृपदासारखं.

डब्यात कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला एक गृहस्थ उठला आणि म्हणाला, "बसा तुम्ही." पलीकडून दुसरा म्हणाला, "अहो, बसा काय? त्यांना उभंच राहू दे!" मग चर्चा सुरू झाली. ताक, इसबगोल, कोमट पाणी, एकाच्या मेव्हण्याचं ऑपरेशन. मुलुंड, घाटकोपर, दादर, चर्चा उतरेना. दुसऱ्या दिवशी एकानं खरंच ताकाची बाटली आणली. आणि त्या दिवसापासून त्या डब्यात माझं नाव पडलं सुरण. "सुरण आला रे, जागा द्या." बरं, 'मूळव्याध' हा शब्द एसएमएसच्या त्या हिशेबानं आठ अक्षरं खातो. म्हणजे माझ्या बदनामीचे पैसेही मीच भरले होते.

सुरणावरून आठवलं. हल्ली सुरणाला चिंच-आमसूल न लावता तसाच फोडणीला टाकतात आणि मग घसा खाजला की भाजीला नावं ठेवतात. भाजीचा काय दोष? आत्या त्याचे काप तुपावर परतायची, ते खाऊन बघा एकदा.

तर, शनिवारी पहाटे मी कल्याणला गेलो. आत्या उतरली, पिशवीत नारळाच्या दुप्पट गड्डा. रिक्षात बसल्याबसल्या म्हणाली, "निरोप मिळाला न्हवं?" मी म्हटलं, "सगळ्या गाडीला मिळाला." आणि फोन काढून चौकोन दाखवले. तिनं फोन उलटासुलटा करून बघितला.

"केवढ्याला घेतलास?"

"सतरा हजार."

"आणि मराठी येत न्हाई व्हय रं त्याला?"

मी तिला बरंच समजावलं. इंटरनेट येतं, नकाशा दिसतो. ऑपेरा मिनी नावाच्या ब्राउझरात एक आतली खुबी होती, एक सेटिंग बदललं की मराठी पानं चित्र होऊन यायची आणि वाचता यायची. तेही दाखवलं. एसएमएसला मात्र ती खुबी चालत नव्हती. अँड्रॉइडमध्ये देवनागरी सरळ आली ती २०११ च्या चौथ्या आवृत्तीत, आणि ती माझ्या फोनपर्यंत कधीच पोचली नाही. आत्या सगळं ऐकत होती. मग तिनं स्वतःचा फोन काढला, चष्मा लावला आणि रिक्षा पत्रीपुलावरून जाईपर्यंत बटणं दाबत बसली. माझ्या खिशात टिंग झालं.

"किती चौकोन आलं?"

मी मोजले. "आठ."

"मग बरोबर पोचलंय," म्हणाली आणि बाहेर बघत बसली. काय लिहिलंय ते काही सांगेना.

सोमवारी गाडीत मी ते आठ चौकोन काकांना पाठवले. या वेळी आधीच बजावून ठेवलं होतं, हळू वाचा म्हणून. काकांनी टाळ मांडीवर ठेवले, चष्मा वर केला आणि शेजारच्या डब्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं,

"फोन परत कर."