हॉट रॉडला इंडिकेटर बसवताना

मंडळी, हॉट रॉड (इंजिन आणि रूप बदलून वेगवान केलेली जुनी गाडी) बनवायला घेतलेल्या 1932च्या फोर्डला कारखान्यातून इंडिकेटर मिळालेच नाहीत. ब्युक कंपनीने मागचे इंडिकेटर 1939मध्ये दिले, पुढचे 1940मध्ये. तोवर अमेरिकेतला चालक खिडकीबाहेर हात काढायचा: डावीकडे वळायचं तर हात आडवा, उजवीकडे तर कोपरातून वर, थांबायचं तर खाली. पण छत कापून बसकी केलेल्या हॉट रॉडच्या अरुंद खिडकीतून तो हात रात्री कोणाला दिसणार? दिसला तरी मागच्याला त्याचा अर्थ कळेल, याची खात्री नाही. त्यामुळे रस्त्यावर धावणाऱ्या हॉट रॉडला इंडिकेटर हवेतच, असं माझं ठाम मत आहे. जुनं रूप बिघडू नये म्हणून लपवायचेच, तर ते बंद असताना. पेटले की ते ठळक दिसलेच पाहिजेत.

मागची बाजू सोपी वाटते, पण खरी गुंतागुंत तिथेच आहे. हॉट रॉडवाल्यांचे आवडते मागचे दिवे म्हणजे 1939च्या फोर्डचे थेंबाच्या आकाराचे, नाहीतर 1950च्या पॉन्टिअ‍ॅकचे गोल. यांच्यात दोन फिलामेंटचा (आत पेटणाऱ्या तारांचा) बल्ब बसतो. मंद फिलामेंट रात्रीसाठी, प्रखर ब्रेकसाठी. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल चालतो, म्हणून हीच प्रखर फिलामेंट वळणासाठीही वापरता येते. पत्र्याला नवं भोक पाडायला नको! मात्र फ्लॅशरची (दिवा लुकलुकवणाऱ्या डबीची) वायर ब्रेकच्या वायरला नुसती जोडून भागत नाही. तसं केलं तर ब्रेक दाबताच लुकलुक थांबते आणि दिवा सलग पेटून राहतो. ब्रेकचा प्रवाह आधी इंडिकेटरच्या स्विचमधून गेला पाहिजे. डावीकडे वळताना स्विच डाव्या दिव्याला ब्रेकपासून तोडतो आणि फ्लॅशरला जोडतो. उजवा दिवा ब्रेकवरच राहतो. स्टिअरिंग कॉलमवर चढणारे सात वायरींचे जुने स्विच नेमकं हेच करतात. डॅशबोर्डखाली लपवलेला छोटा टॉगल (खटक्याचा स्विच) हवा असेल, तर सोबत रिले (विजेने चालणारे स्विच) लावावे लागतात.

पुढे हेडलाइटच्या आत पिवळी एलईडी पट्टी बसवतात. दिसायला ती फार सुंदर, पण रात्री हेडलाइटच्या झोतात हरवू शकते. अ‍ॅक्सलजवळचे चिमुकले दिवे मला पटत नाहीत, ते फार खाली जातात. काचेच्या अलीकडे, बॉनेटच्या मागच्या कडेला काउल लॅम्प असतील, तर पिवळा बल्ब तिथे घालावा.

एलईडी लावली की जुना फ्लॅशर बदलावा लागतो. त्यातली धातूची पट्टी प्रवाहाने तापते, तेव्हाच दिवा लुकलुकतो. एलईडी इतका कमी प्रवाह घेते की पट्टी नीट तापतच नाही. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घेताना आधी गाडीचं अर्थिंग बघा, म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडलंय ते. 1928 ते 1955च्या फोर्ड 6 व्होल्टच्या, बॅटरीचं धन टोक अर्थला. बाजारातले बहुतेक फ्लॅशर 12 व्होल्टचे आणि ऋण अर्थसाठी बनवलेले असतात. मूळ 6 व्होल्ट राखायचे असतील तर त्याच व्होल्टचे बल्ब आणि पट्टीचा फ्लॅशर उत्तम. बॉडी फायबरग्लासची असेल तर प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर ओढा.

एक्झॉस्टच्या आवाजात फ्लॅशरची टिकटिक ऐकू येत नाही आणि टॉगल आपोआप बंद होत नाही. म्हणून डॅशबोर्डवर नजरेसमोर एक बारीक दिवा ठेवाच.

कॅलिफोर्नियात वळण्याआधीचे शेवटचे 100 फूट इशारा चालू ठेवावा लागतो. तेवढंच अंतर मोजून भर दुपारी गाडीच्या मागे उभे राहा आणि कोणालातरी ब्रेक दाबून इंडिकेटर लावायला सांगा. लुकलुक अंधुक वाटली तर आधी दिव्याच्या आतला काळवंडलेला रिफ्लेक्टर चकचकीत करा, मग बल्ब बदलायचा विचार.