जॅकवेलवरची पेटी

(ड्रोन : पंचगंगा, दोन्ही काठांना ऊस)

भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी आणि लोकांनी मानलेली गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीच्या पुढं ही पंचगंगा. काठावरच्या उसाला पाणी देतात सहकारी पाणीपुरवठा संस्था. ही त्यातल्याच एका संस्थेची जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर.

(पेटी उघडते)

भिंतीवर उंच बसवलेली ही करडी पेटी म्हणजे गेटवे. मोटरीचा करंट, तिन्ही फेजचं व्होल्टेज, विहिरीतली पातळी, सगळं मॉडबसच्या (यंत्रांच्या आपसातल्या बोलीच्या) तारांवरून इथं गोळा होतं आणि मोबाईल नेटवर्कवरून गावातल्या ऑफिसात पोचतं. शेतीची वीज कधी दिवसाच्या पाळीची, कधी रात्रीची, त्यामुळं मोटरीवर ऑफिसातूनच नजर ठेवलेली बरी. इतक्या लांब इंटरनेटची केबल कोण ओढणार?

(क्लोजअप : सिमच्या दोन खाचा)

सिम दोन, कंपन्याही दोन. एकीची रेंज गेली की पेटीतला मोडेम, म्हणजे नेटवर्कशी जोडणारा भाग, आपणहून दुसरीवर जातो. पण नुसती रेंज असून भागत नाही. बऱ्याच ठिकाणी अशा पेटीला इंटरनेटवरचा उघडा पत्ता दिला जातो आणि पासवर्ड राहतो कारखान्यातून आलेला. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं असे साठेक ठरावीक पासवर्ड वापरून जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. मोटर चालू-बंद करणारी पेटी त्याच अवस्थेत ठेवणं हा निव्वळ आळस आहे.

या पेटीच्या इंटरनेटकडच्या दाराला बाहेरून कडीच नाही. सिम खासगी एपीएनवर, म्हणजे मोबाईल कंपनीनं दिलेल्या वेगळ्या बंद वाटेवर आहे, त्यामुळं बाहेरच्या इंटरनेटवरून पेटी दिसत नाही. व्हीपीएनचा, म्हणजे कुलूपबंद जोडणीचा बोगदा ती स्वतःच आतून काढते, इंजिनिअरला त्यातूनच यावं लागतं. प्रत्येक पेटीची डिजिटल किल्ली वेगळी. एक चोरीला गेली तर तेवढीच रद्द करायची, बाकीच्यांना धक्का नाही.

(सिम काढून साध्या फोनमध्ये घातलं जातं)

हा शॉट मुद्दाम घेतलाय. फोनवर रेंजच्या काड्या दिसतात, डेटा मात्र हलत नाही. सिम या मोडेमच्या आयएमईआयशी, म्हणजे त्याच्या ओळख क्रमांकाशी, बांधलेलं आहे.

(कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, वर्कशॉपमधला स्क्रीन)

इथून नवं फर्मवेअर, म्हणजे पेटी चालवणारं सॉफ्टवेअर, निघालंय. ते खरंच आपल्याच वर्कशॉपचं आहे ना, हे बघायला पेटी आधी त्याची डिजिटल सही तपासते. मेमरीचे दोन कप्पे आहेत. जुनं एकात तसंच राहतं, नवं दुसऱ्यात उतरतं. रीस्टार्टनंतर ठरल्या वेळेत सर्व्हर सापडला नाही, तर पेटी मुकाट्यानं जुन्यावर परत येते. प्रोसेसर अडकला तर वॉचडॉग टायमर त्याला पुन्हा उठवतो. मोडेम हट्टाला पेटला तर त्याचीही वीज तोडून परत देतो. ही सोय नसेल तर एवढ्याशा रीस्टार्टसाठी माणसाला मोटरसायकल काढावी लागते.

(पुराची जुनी दृश्यं)

२०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता, मोटरसायकल कुठून जाणार? टॉवरची बॅटरी संपली की दोन्ही सिम मुकी होतात, हेही खरं. तोवर पेटीची बॅटरी टिकली तर ती नोंदी स्वतःकडं साठवते आणि रेंज आली की वेळेसकट पाठवून देते.

(संस्थेचं ऑफिस, संचालकांची बैठक)

दुसऱ्या सिमच्या रिचार्जवर संचालक मंडळाचं अजून एकमत नाही. खबर वेळेत न पोचल्यानं जळालेल्या मोटरीच्या रिवाइंडिंगचं एक बिल टेबलावर ठेवलं, तर ही चर्चा लवकर आटपेल असं आम्हाला वाटतं.