एका इंजिनावर परतलेलं कॅनबेरा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे कॅनबेरा या विमानाबद्दल. पुण्यात लोहगावच्या बाजूला ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना हे नाव ओळखीचं असेल. हवाई दलाची ३५ क्रमांकाची कॅनबेरा तुकडी तिथलीच. १९७१ च्या युद्धात तिची विमानं कराचीवर गेली होती.

कॅनबेरा हे ब्रिटनचं पहिलं जेट बॉम्बर. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीच्या टेडी पेटर यांनी त्याचा आराखडा केला आणि १३ मे १९४९ ला रोलंड बीमाँट यांनी ते पहिल्यांदा उडवलं. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १३ मे १९४९. पेटर यांनी पंख सरळ आणि चांगले रुंद ठेवले, दोन्ही पंखांत एकेक इंजिन बसवलं. मूळ बॉम्बरवर बंदूक नव्हतीच. शत्रूचा हात पोचणार नाही इतक्या उंचावरून जायचं, हाच बचाव.

आपण १९५७ मध्ये कॅनबेरा मागवली. त्यात बॉम्बर होती, तशी नुसते कॅमेरे घेऊन जाणारीही होती. मला विचाराल तर या विमानाची खरी थोरवी त्या कॅमेरेवाल्यांत आहे. हवाई दलाचे वैमानिक जगमोहन नाथ यांनी १९६२ मध्ये आणि पुन्हा १९६५ मध्ये अशाच विमानातून शत्रूच्या मुलखाचे फोटो आणले. ६५ ला तर भरदिवसा, सोबत एकही लढाऊ विमान नसताना. दोन वेळा महावीर चक्र मिळवलेला हा माणूस पुढे मुंबईत राहिला आणि किती मुंबईकरांना त्याचा पत्ता होता? क्रिकेटपटूच्या घराखाली गर्दी होते, इथे का होऊ नये? असो.

आता येतो कारगिलवर. तारीख २१ मे १९९९. हवाई हल्ले सुरू व्हायला अजून ५ दिवस होते. डोंगरावर कोण बसलंय, किती बसलेत, याचाच पत्ता नव्हता. म्हणून बटालिकच्या भागात एक कॅनबेरा फोटो काढायला गेलं. स्क्वाड्रन लीडर पेरुमल ते चालवत होते.

फोटो काढायचे म्हणजे काय, ते नीट ऐका. विमान सरळ, एका पातळीत, एकाच वेगानं न्यावं लागतं. एका फोटोतला निम्म्याहून जास्त भाग पुढच्या फोटोत यावा लागतो, तरच डोंगराचा चढउतार कळतो. म्हणजे वळायचं नाही, वरखाली करायचं नाही. खालून नेम धरणाऱ्याला आणखी काय हवं? आणि इथे खालचा माणूस खाली नव्हताच. तो उंच शिखरांवर बसला होता, खांद्यावरून सोडायचं क्षेपणास्त्र घेऊन. उंचीचं जे कवच पेटर यांनी दिलं होतं, ते हिमालयानं काढून घेतलं.

क्षेपणास्त्र इंजिनावर आदळलं. एक इंजिन गेलं.

आता, एका इंजिनावर कॅनबेरा चालवणं ही फार वाईट गोष्ट. बैलगाडीचा एक बैल बसला की गाडी जशी त्याच्याकडे वळायला बघते, तसं विमानाचं नाक बंद इंजिनाकडे वळतं. ते सरळ धरायचं तर पायानं रडर, म्हणजे शेपटीवरचं दिशा बदलणारं पातं, दाबून ठेवायचं, आणि कॅनबेराच्या रडरला हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबानं चालणाऱ्या यंत्राची, मदत नाही. सगळा जोर माणसाच्या पायाचा. वेग कमी झाला की तो जोरही पुरत नाही. नुसत्या सरावात, एक इंजिन मुद्दाम मंद करून उतरताना, ब्रिटनमध्ये कितीतरी वैमानिक गेले. पुन्हा सांगतो, सरावात. इथे इंजिन खरंच फुटलेलं, चारी बाजूंना डोंगर आणि उतरायचं श्रीनगरला. उतरण्याची संधी एकच, कारण एवढ्या कमी वेगात एका इंजिनावर पुन्हा वर उठण्याचा भरवसा नसतो.

पेरुमल यांनी ते श्रीनगरच्या धावपट्टीवर सुखरूप उतरवलं.

आता ती तारीख आठवा. १३ मे १९४९ ला हा आराखडा पहिल्यांदा हवेत गेला आणि २१ मे १९९९ ला क्षेपणास्त्र खाऊन परत आला. ५० वर्षं आणि ८ दिवस. ज्या काळात उष्णता हुंगत येणारं क्षेपणास्त्र कोणाच्या खांद्यावर नव्हतं, त्या काळातलं हे विमान.

त्यानंतरही आपली कॅनबेरा ८ वर्षं उडत राहिली. ब्रिटननं आपली शेवटची कॅनबेरा २००६ मध्ये उतरवली. आपण आग्र्याला त्यांना निरोप दिला तो ११ मे २००७ रोजी, म्हणजे ज्यांनी बनवली त्यांच्याही नंतर. नमस्कार.