दुधाची डिग्री आणि आठवीचं विज्ञान

श्रोतेहो, नमस्कार.

जून जवळ आला की घरोघरी एकच चर्चा असते. मुलाला कुठं घालायचं? मराठी, इंग्रजी, की सेमी? सेमी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. आज गावोगावच्या मराठी शाळांत सेमीच्या तुकड्या आहेत, कारण पालकांना त्या हव्या आहेत. पालकांचं काही चुकत नाही. पुढं इंग्रजीवाचून अडतं, हे त्यांनी सोसलेलं असतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. इंग्रजी शिकवा, भरपूर शिकवा, चांगलं शिकवा. पण विज्ञान शिकवायचं ते मुलाला ज्या भाषेत कळतं त्याच भाषेत. पुन्हा सांगतो, इंग्रजी शिकवणं ही एक गोष्ट आणि इंग्रजीतून विज्ञान शिकवणं ही दुसरी. आपण दोन्ही एकाच तासात उरकायला बघतो.

आता मला फार आवडणारी एक हकिकत सांगतो.

कोल्हापूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी गेलो होतो. प्रदर्शन दुपारी होतं, म्हणून सकाळी आठवीच्या सेमीच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. ‘बल व दाब’ हा धडा चालू होता. आर्किमिडीजचं तत्त्व, तरंगणं, बुडणं. बाई मनापासून शिकवत होत्या. त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारला, ‘दुधात पाणी मिसळलं तर लॅक्टोमीटर खाली का जातो?’ लॅक्टोमीटर म्हणजे दुधात तरंगत ठेवून त्याची घनता बघायची काचेची नळी. वर्ग गप्प. मग दोन मुलींनी व्याख्या म्हणून दाखवली, एका सुरात, एकही शब्द न चुकता. प्रश्नाचं उत्तर मात्र त्यात नव्हतं.

खिडकीजवळ एक मुलगा वहीत मान घालून बसला होता. बाई मला हळूच म्हणाल्या, ‘हा विज्ञानात कच्चा आहे, चाचणीत पेपर कोराच देतो.’ मी बाईंची परवानगी घेतली आणि त्याच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, ‘घरी जनावरं आहेत का रे?’ ‘दोन म्हशी, एक गाय.’ ‘डेअरीला दूध कोण घालतं?’ ‘मीच घालतो की, सकाळचं.’ ‘मग डिग्री कशी बघतात, सांग बघू.’ डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरवर दिसणारा आकडा.

श्रोतेहो, पोरगं सरळ उठून उभं राहिलं!

‘मीटर सोडत्यात दुधात. पाणी घातलेलं असलं की मीटर आत जातंय, डिग्री पडती.’ मी विचारलं, ‘का आत जातंय?’ म्हणाला, ‘दूध पातळ झालं की हलकं होतंय. हलक्या दुधाला मीटर उचलून धरायला येत नाही, म्हणून ते आणखी खाली जातंय.’ आर्किमिडीज यापेक्षा वेगळं काय सांगतो?

तो तिथंच थांबला नाही. ‘पण सर, नुसत्या डिग्रीवर काही कळत नाही. साय काढली की दूध जड होतंय. मग त्यात बेतानं पाणी घातलं की डिग्री परत बरोब्बर येती. म्हणून तर फॅटपण मोजत्यात!’ आणखी एक सांगितलं. दूध गार असलं की मीटर वर राहतं, म्हणून थंडीत सकाळची डिग्री जरा जास्त लागते. घनता, तापमान आणि एका मोजमापावर विसंबू नये हा शास्त्राचा धडा, सगळं त्याच्याजवळ होतं. बाई हातातला खडू तसाच धरून ऐकत होत्या. मग त्यांनी अख्ख्या वर्गाला तोच प्रश्न मराठीत विचारला आणि निम्म्याहून जास्त हात वर आले. निम्म्याहून जास्त, बरं का!

जाता जाता एक सांगतो. त्या शाळेत लॅक्टोमीटर होता, पण कपाटात कुलूपबंद. प्रयोगाचं सामान फुटेल म्हणून कुलपात ठेवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. फुटू द्या! वापरात फुटलेली काच नळी शाळेला शोभा देते. आणि पहाटे धार काढून शाळेला येणाऱ्या मुलाला कच्चा म्हणण्याआधी त्याला दुधाबद्दल एकदा तरी विचारावं.

कोणत्या भाषेतून शिकवायचं, हा वाद आजचा नाही. मुंबईत १८४० च्या दशकात शिक्षण मंडळात यावरून मोठी खडाजंगी झाली. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूनं, तर जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्विस देशी भाषांच्या बाजूनं. जर्विस इंग्रज अधिकारी होते, पण त्यांनी त्याआधीच गणिताची पुस्तकं मराठीत करून घेतली होती. मलेशियानं २००३ मध्ये गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू केलं, म्हणजे आपली सेमीच. २००९ मध्ये ते मागं घ्यायचं ठरलं. आपलं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत, घरच्या भाषेतून शिकवा म्हणतं.

तुमचं मूल आधीच सेमीत असेल, तर घाबरून तुकडी बदलू नका. एवढं करा. बालभारतीचं मराठी माध्यमाचं विज्ञानाचं पुस्तक घरी आणा. संकेतस्थळावर ते फुकट उतरवून घेता येतं. धडा आधी मराठीत वाचू द्या. मग मुलाला म्हणा, आजीला समजेल असं सांग. अडखळला तर रागावू नका, घरातलं काहीतरी समोर ठेवा, कुकर, पंप, सायकल. त्याला नीट सांगता आलं की मग तोच धडा इंग्रजीतून वाचायला घ्या. आधी मराठीत, मग इंग्रजीत. क्रम एवढाच ठेवा. शाळेच्या पालकसभेलाही जा आणि बाईंना सांगा की प्रश्न एकदा मराठीतही विचारत चला. त्या नाही म्हणणार नाहीत.

नमस्कार.